खडकवासल्याचं पाणी

रामगढजवळ, जि. जैसलमेर
१२ सप्टेंबर १९९८

मामा,

इथल्या वाळूत साष्टांग घातला तर पोट भाजतं, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

तुमची पूड फेल गेली. पाच तारखेला, सकाळी साडेदहाला, सोळाशे मीटरवर. फेल म्हणजे काय हे तुम्हाला लोणी काळभोरच्या शेडमध्ये बसून कळणार नाही, कारण तुम्ही आयुष्यात एक तेलविहीर बघितलेली नाही, नुसती तिच्यासाठी पूड बनवता. तेव्हा ऐका. भोक पाडत खाली जाताना पाइपमधून चिखल सोडतात. इथे सगळे त्याला मड म्हणतात, आणि ते कालवणारा हेल्पर मी. मडने दोन कामं करायची. कापलेली माती उचलून वर आणायची आणि भोकाची भिंत ढासळू द्यायची नाही. नुसत्या माती-पाण्याला ते जमत नाही, म्हणून त्यात तुमची पांढरी दृढा-९ घालायची, मग चिखलाच्या अंगात धरून ठेवण्याची ताकद येते. पुण्यात येत असेल. इथे ती पाण्यात पडली की दूध नासावं तशी फाटते. खाली पांढरा साका, वर गढूळ पाणी.

त्या दिवशी सकाळ खरं तर फार चांगली होती. कुरजांचा पहिला थवा आला होता. हे पक्षी कुठून तरी मंगोलियाकडून येतात म्हणे, करकोच्यासारखे, गळ्यात काळा मफलर घातल्यासारखे, शंभर-दीडशे एका ओळीत, आणि आवाज असा की हातातलं काम... ते जाऊ दे.

माती वर आलीच नाही. भिंत सुटली, पाइप अडकला. अडकलेला पाइप हिसके देऊन सोडवतात. तिसऱ्या हिसक्याला वायर तुटली, तिच्या टोकाला माणसाएवढा लोखंडी चिमटा असतो तो गरकन फिरला, आणि संपतचा उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. संपत म्हणजे वाशिमचा, माझ्या तंबूतला, मागे लिहिलं होतं. तो ओरडलासुद्धा नाही. "आमोद, माहा हात पाह्य बरं जरा," एवढंच म्हणाला, घड्याळात किती वाजले बघ म्हणावं तसं.

आता कंपनी म्हणते, पूड पुण्याहून तपासून आलेली आहे, तेव्हा चूक कालवणाऱ्याची. १६ नोव्हेंबरला चौकशी आहे. चूक आमच्या क्रूची निघाली तर संपत त्या हातासकट गेटबाहेर, आणि मीही. पूड दोषी निघाली तर त्याला स्टोअरमध्ये कायम ठेवतील. साहेबांनी स्वतः सांगितलंय.

मला तुमच्याकडून एकच हवंय. तुमची चाचणी इथल्या पाण्यात करून बघा. इथलं पाणी कडवट खारट आहे, उंटसुद्धा तोंड लावून मान झटकतो. तुम्ही कुठल्या पाण्यात चाचणी करता ते मला माहीत आहे. शेडमध्ये बोअर असताना रोज सकाळी कर्वेनगरच्या नळाचे चार कॅन मॅटॅडोरमध्ये टाकून लोणीला नेता, कारण "खडकवासल्यासारखं पाणी अख्ख्या भारतात नाही". प्यायला नसेल हो. पण विहिरी खडकवासल्यात खणत नाहीत.

आमोद

*

कर्वेनगर, पुणे
२१ सप्टेंबर १९९८

चि. आमोद,

अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहिले. पुढील मजकुराशी त्यांचा संबंध नाही.

तुझे पत्र पोचले. तू मला तेलविहीर म्हणजे काय हे समजावून सांगितलेस, आभारी आहे. चोवीस वर्षे सरकारी प्रयोगशाळेत मी बहुधा लोणची घालत होतो.

आता तू ऐक. डिप्लोमा, दीड वर्ष. कुरिअर, चार महिने. लक्ष्मी रस्त्यावर कॅसेटचे दुकान, अकरा दिवस. माझ्या ऋचाच्या शब्दाखातर कॉम्प्युटरचा क्लास, तिथून तू मधल्या सुट्टीत चहाला म्हणून गेलास तो वेरूळहून परत आलास. का, हे अद्याप कोणालाही कळलेले नाही. माझी पूड एकेचाळीस चाचण्यांमधून पार पडली आहे. तू एकीतून सांग.

नरसाळ्यात चिखल ओतायचा, खालच्या भोकातून मापभर गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. साधे पाणी सव्वीस सेकंदांत गळते. दृढा-९ घातलेला चिखल अठ्ठेचाळीस. दरवेळी अठ्ठेचाळीस. घड्याळाला माझी भीड नाही.

मात्र ही पूड पेरावी लागते. तुझी मामी उकळत्या पाण्यात पीठ पेरून पिठले करते तशी. एका हाताने पेरायचे, दुसऱ्याने ढवळायचे, आणि नजर भांड्यावर. नजर हलली की गुठळ्या. वरून ओल्या, आत कोरडे पीठ. अशी पूड काम करीत नाही, तळाला बसते, आणि तू म्हणतोस तसाच साका दिसतो. तेव्हा माझा प्रश्न एकच आहे. त्या सकाळी तू पूड पेरायच्या हॉपरपाशी सलग उभा होतास का? की कुठेतरी बघत होतास?

एक्क्याण्णवनंतर दारे उघडली तेव्हा सगळ्यांनी बाहेरचा माल आत आणला. मी वेडा म्हणालो, आपला माल त्यांच्या तोडीस उभा करू. नोकरी सोडली. ही माझी पहिली खाजगी ऑर्डर आहे, आणि अमेरिकन पुडीची पोती जोधपूरच्या गोदामात माझी जागा घ्यायला तयार उभी आहेत. हे तुला ठाऊक असावे, कारण तुला तिथे चिकटवले ते याच ऑर्डरच्या ओळखीने.

कंपनीस कळवले आहे की पूड निर्दोष असून कालवण्याच्या पद्धतीची चौकशी व्हावी.

संपतच्या हाताचे वाईट वाटले. त्यास सांगावे.

शरच्चंद्र लिमये

*

रामगढजवळ
३० सप्टेंबर १९९८

मामा,

तुम्ही सख्ख्या भाच्याविरुद्ध लिहून दिलंत आणि खाली सही पूर्ण नावाने केलीत. वा.

तुमचं पत्र इथे साहेबाने क्रूसमोर वाचलं. इंग्रजी केलेलं. कालवण्याची पद्धत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फक्त संपतने नाही, तो डाव्या हाताने विडी पेटवायचा प्रयत्न करत होता. पाचवी काडी पडली तेव्हा मी पेटवून द्यायला गेलो तर म्हणाला, "राहू दे न बावा, तू बी काय काय करशील." यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पूड मी पेरली. पोतं उलटं केलं नाही. पिठल्याचं मला शिकवू नका, मामीच्या हातचं पिठलं मी तुमच्यापेक्षा जास्त खाल्लंय, तुम्ही पथ्याचं खाता. आणि डिप्लोमा सोडला, क्लास सोडला, सोडला! ती यादी तुम्ही आईच्या, मामीच्या, ऋचाच्या आणि सोसायटीच्या वॉचमनच्या समोर म्हणून झालीये, आता पोस्टानेही पाठवायला लागलात. एखाद्या माणसाने अकरा दिवसांत दुकान सोडलं म्हणून त्याने सांगितलेलं पाणीसुद्धा खारट नसतं का?

बरं. आता घड्याळालाच विचारू, त्याला तुमची भीड नाही ना.

या पत्रासोबत वीस लिटरचा निळा कॅन येतोय. आणणारा ज्ञानदेव, लोणीचाच, तुमच्या शेडपासून तिसऱ्या गल्लीतला. तुमची पोती इकडे आणतो आणि जाताना पिवळा दगड नेतो, कोथरूडच्या नव्या बिल्डिंगांच्या पायऱ्यांना. त्याला कॅन दिला तर हसायलाच लागला.

"पानी? पुन्याला पानी न्यायचं? धरन फुटलं का काय तिकडं?"

"मामाला प्यायला," म्हटलं.

त्याने झाकण उघडून वास घेतला आणि मला म्हणाला, "मामाशी वाटन्या झाल्या व्हय रं?"

तर हे ते पाणी. कुजक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका. ज्या टाकीतलं पाणी त्या दिवशी मडमध्ये गेलं, त्याच टाकीतलं. झाकणावर मी कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरात 'हात लावू नये'. सील तुम्हीच तोडा, चिखल तुम्हीच कालवा, पूड तुम्हीच पेरा, नजर भांड्यावर ठेवून. आणि जे दिसेल ते लिहा. मला नको, कंपनीला लिहा. सोळा नोव्हेंबरच्या आत.

एवढं केलंत तर मी जन्मभर तुमची यादी उभ्याने ऐकेन.

आमोद

*

कर्वेनगर, पुणे
१७ ऑक्टोबर १९९८

चि. आमोद,

दिवाळीचे आशीर्वाद. हे मात्र मनापासून.

तुझा कॅन ज्ञानदेवने सोमवारी सकाळी शेडमध्ये आणून ठेवला. मी बँकेत गेलो होतो. मंगळवारी चाचणी घेतली. तू सांगितलेस तसेच केले. चिखल मी कालवला, पूड मी पेरली, नजर भांड्यावर होती.

अठ्ठेचाळीस सेकंद.

म्हटले, चूक होऊ शकते. पुन्हा घेतली. अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा सत्तेचाळीस, तेव्हा माझ्या हाताला घाम होता.

पाणी मी काचेच्या नळीत धरून उजेडात पाहिले. निर्मळ. वास घेतला. कुजक्या अंड्याचा नाही, कसलाच नाही. शेवटी जिभेवर थेंब ठेवला. कडवट नाही, खारट नाही. किंचित गोडसरच म्हणेन. तुझ्या वर्णनशक्तीचे मला लहानपणापासून कौतुक आहे. दुसरीत असताना तू शाळेच्या मैदानात वाघ पाहिला होतास.

मला राग आलेला नाही. समाधान झाले आहे, आणि थोडे दुःखही. चूक झाली असेल तर माणसाने सरळ सांगावी. मी तुला मारणार होतो का? तू वीस लिटर पाणी बाराशे किलोमीटर पाठवलेस, पण "मामा, माझे लक्ष नव्हते" हे चार शब्द पाठवले नाहीस.

रामगढच्या पाण्यातही दृढा-९ उत्तम चालते असे प्रमाणपत्र तयार केले. ऋचाने कॉम्प्युटरवर टाइप केले, अक्षरे ठळक वगैरे करून. काल रजिस्टरने कंपनीस गेले. आता अमेरिकन पोत्यांचे काय करायचे ते अमेरिकनांनी ठरवावे.

तुझ्या मामीने फराळाचा डबा पाठवला आहे. संपतलाही द्यावा.

शरच्चंद्र लिमये

*

रामगढजवळ
२७ ऑक्टोबर १९९८

मा. श्री. शरच्चंद्र लिमये यांस,

आपले प्रमाणपत्र इथे पोचले. अक्षरे ठळक आहेत.

गोडसर!

त्या पाण्याने इथे दाढी केली तर साबणाला फेस येत नाही, चहात घातलं तर दूध फाटतं, तांब्या चार दिवसांत आतून पांढरा पडतो. आणि आपल्याला ते गोडसर लागलं. आपण कॅन उघडला तरी होता का? की बँकेतून आलात, अमेरिकन पोती डोळ्यांसमोर आली, आणि नेहमीच्या कॅनमधलं पाणी घेऊन एक, दोन, तीन, अठ्ठेचाळीस? खोटं बोलायचं तर माणसाने नीट बोलावं. वास आला पण पूड टिकली, असं लिहिलं असतंत तर मी कदाचित फसलो असतो. आपण चवसुद्धा लिहिलीत!

लहानपणी मला वाटायचं की आपल्याला खोटं बोलताच येत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण सेक्रेटरीला तोंडावर "तुमचा हिशोब आणि तुमचा विग दोन्ही दिसतात" म्हणाला होतात. आईला वाईट वाटलं, मला अभिमान वाटला होता. आठ वर्षांचा होतो. जाऊ दे.

फराळाचा डबा मिळाला. संपतला चिवडा दिला. उजव्या हाताला अजून पट्टी, म्हणून डाव्या हाताने खात होता, अर्धा दाढीत, अर्धा मांडीवर. खाली सांडलेले दाणे एकेक वेचत म्हणाला, "तुह्या मामीच्या हाताले चव हाय बावा." मग वेचायचं थांबवून, "तुह्या मामाचा कागद आला म्हंतेत. आता आपलं काय?"

काय सांगू त्याला? सांगा ना. आपण हुशार आहात.

चौकशी सोळा तारखेला आहे. आपला कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावलाय. यापुढे मला पत्र पाठवू नये. आशीर्वाद तर मुळीच नकोत.

आमोद

*

पुणे
६ नोव्हेंबर १९९८

आमोद,

मी ऋचा. पण पत्र माझं नाही, गोदाबाईंचं आहे. बाबांच्या शेडमध्ये झाडलोट करतात त्या, आठवतात ना? त्या बोलतायत, मी लिहितेय. "मधी तुमचं शहानपन घालू नगा" अशी अट आहे. बाबांना हे पत्र माहीत नाही.

आमोददादा, म्या गोदाबाई.

तो निळा क्यान म्या धुतला.

ज्ञानदेव ठिवून गेला तवा सायेब न्हवते. क्यान गळत व्हता थोडा, आन वास असा, की म्या म्हनलं ह्यात काय मेलं का काय! कागद व्हता चिकटिवलेला, पन मला कुटं वाचाया येतंय? सायबाचं येकच सांगनं असतंय, गोदाबाई, लॅबमदी घान पानी दिसाया नगं, येकूनयेक क्यान घासून खडकवासल्याच्या पान्यानं भरून ठिवायचा. सात वर्सं त्येच करतीया. तसा त्योबी क्यान वतला, राखंनं घासला, भरला, फडक्यानं पुसून टेबलावर ठिवला. कागद भिजला व्हता, त्यो काडून टाकला.

दुसऱ्या दिवशी सायेब त्येच पानी जिभंवर घ्यायलं, मान हालवत. म्या म्हनलं, सायबाला पानी आवडलं.

आता तुमची चिठ्ठी आली तवा सायेब शेडमदी मोठ्यानं वाचायलं. लबाड म्हनतो मला, म्हनं! येवढं लाल झालं की म्या पानी द्यायला गेले, आन कानावर आलं, वास, क्यान, गोडसर. म्या तिथंच सांगितलं, सायेब, त्यो क्यान म्या धुतला.

सायबानं चिठ्ठीची घडी घातली. मग म्हनलं, गोदाबाई, जा, काम कर. आन दाराशी गेल्यावर म्हनलं, हे कुनाला बोलू नको.

दादा, मला राग आला. सात वर्सं सायबाचं ऐकलं. पन माज्या हातानं येका मानसाचं वाटोळं व्हतंय, आन म्या बोलू नगं? दोन दिस वाट बगितली. सायेब नुसतं नरसाळं पुसत बसायचं. पत्र लिवायचं न्हाई, काय न्हाई.

तवा तिसऱ्या दिवशी म्या काय केलं, सायबाचा रोजचा क्यान रिकामा केला आन शेडमागच्या बोअरचं पानी भरून ठिवलं. येकदा चुकून केलं, येकदा जानून केलं.

सायबानं चिखल कालवला. पूड पेरली. नरसाळ्यात वतलं. भसाभसा खाली! सायबानं घड्याळ हालवून बगितलं. पुन्यांदा केलं. पुन्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मला म्हनलं, गोदाबाई, ह्या कॅनमधे काय आहे?

म्या म्हनलं, बोअरचं हाय सायेब. आमच्या समद्या लोनीत ह्येच हाय. ह्यात डाळ शिजत न्हाई, तुमची पूड काय शिजनार?

सायेब खुर्चीत बसलं. म्या पदर खोचून हुबी ऱ्हायले, म्हनलं आता काडून टाकतील. टाकू द्या.

मग म्हनलं, डाळ शिजत न्हाई मग तू काय करतीस?

म्या म्हनलं, सोडा टाकते. धुनं धुताना बी आदी सोडा, मग साबन. न्हायतर फ्येस येत न्हाई.

येवढंच. तुमच्या त्या संपतला म्हनावं, गोदाबाईनं क्यान धुतला, चूक झाली.

*

कर्वेनगर, पुणे
८ नोव्हेंबर १९९८

आमोद,

आशीर्वाद नकोत असे तू लिहिले आहेस, म्हणून नुसते नाव.

कंपनीस आज सकाळी तार केली. 'प्रमाणपत्र रद्द समजावे. चाचणी चुकीच्या पाण्यात झाली. तपशील पत्राने.' पत्रही सोबत गेले. त्यात लिहिले आहे की दृढा-९ खाऱ्या व जड पाण्यात टिकत नाही, आणि ही गोष्ट ती बनवणाऱ्याने तपासायला हवी होती. गोदाबाईंचे नाव घातलेले नाही. तुझा कॅन त्यांनी धुऊन खडकवासल्याच्या पाण्याने भरला होता, पण असे धुवायला सात वर्षे मी शिकवले.

मी खोटे बोललो असे तू म्हणतोस. चाचणीच्या दिवशी बोललो नव्हतो; झाकणावर तुझा कागद आणि सील नव्हते, ते वाटेत सुटले असेल असे मानले. गोदाबाईंनी सांगितल्यानंतरचे दोन दिवस मात्र बोललो, कारण गप्प बसलो. नरसाळे पुसत होतो. ते स्वच्छच होते.

चोवीस वर्षे प्रयोगशाळेत शिकवले, चाचणी माल जिथे वापरायचा तिथल्या पाण्यात घ्यावी. आणि स्वतःच्या पुडीला घरचे पाणी पाजत राहिलो. शेडमागे बोअर होता. वीस पावलांवर. हे मी कोणालाही सांगू शकत नाही, तुला सांगतो.

गोदाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे बोअरच्या पाण्यात आधी धुण्याचा सोडा टाकला, तासभर ठेवले, मग पूड पेरली. त्रेचाळीस सेकंद. तुझ्याकडच्या पाण्यात काय होईल ते सांगता येत नाही. दुसरा कॅन मागवणार नाही. मी स्वतः येतो. एकवीसला जैसलमेरला उतरेन. स्टेशनवर ये, किंवा येऊ नकोस.

शरच्चंद्र मामा

*

रामगढजवळ
१७ नोव्हेंबर १९९८

मामा,

हे पत्र जोधपूरला गाडी बदलताना तुमच्या हातात पडेल अशी व्यवस्था केलीये. साइटचा एक ड्रायव्हर प्लॅटफॉर्मवर तुमच्या नावाची पाटी धरून उभा असेल. नावात चूक असेल, त्याच्यावर चिडू नका.

चौकशी काल झाली. तुमची तार त्यांनी वाचली, दोनदा वाचली. चौकशीसाठी बाहेरून आणलेल्या माणसाने पुन्हा विचारलं, हे खुद्द पुडीवाल्यानेच पाठवलंय का? त्याचा विश्वास बसेना. माझाही नव्हता बसला.

संपतला स्टोअरमध्ये घेतलं. लेखी. त्याने कागदावर डाव्या हाताने सही केली, तंबूत तीन दिवस सराव करत होता. ती 'संपत' पेक्षा 'संगत' दिसते, पण चालली.

मला काढलं. महिनाअखेरपर्यंत आहे.

आता ऐका, हे मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहायला बसलो होतो आणि 'ते जाऊ दे' म्हणून पुढे गेलो होतो. त्या सकाळी कुरजांचा थवा आला तेव्हा मी हॉपर सोडून टेकाडावर गेलो होतो. दहा मिनिटं. अर्धं पोतं पेरून झालं होतं, उरलेलं दुसऱ्याच्या हातात दिलं आणि पळालो. परत आलो तेव्हा त्याने पोतं उलटं केलेलं होतं की पेरलेलं, मला खरंच माहीत नाही. तुम्ही विचारलंत, सलग उभा होतास का, तेव्हा मी तुमच्यावर एवढा ओरडलो ते म्हणूनच. दोन महिने रोज वाटत होतं की संपतचा हात माझ्या दहा मिनिटांनी गेला. तुमची पूड दोषी निघावी म्हणून मी भांडत होतो, आणि ती दोषी नसली तर काय, या भीतीने. तुमचं ते अठ्ठेचाळीस आलं तेव्हा चिडायच्या आधी मी टेकाडावरची ती दहा मिनिटं पुन्हा मोजली होती.

काल तुमची तार वाचून झाल्यावर साहेब म्हणाला, म्हणजे क्रूचा काही दोष नाही. गप्प बसलो असतो तर नोकरी राहिली असती. मी उभा राहिलो आणि दहा मिनिटं सांगितली. ते म्हणाले, पाणी तसं होतं तर तू उभा असतास तरी पाइप अडकलाच असता. पण जागा सोडली म्हणून जायला लागेल. बरोबर आहे. यादीत घाला. तेलविहीर, सात महिने. फक्त या वेळी का सोडली ते तरी तुम्हाला कळलं.

संपतला आधीच सांगितलं होतं. त्याने हात पालथा करून पाहिला. मग म्हणाला, "पक्षी तरी चांगले होते का?"

होते, म्हटलं.

"मंग मले काऊन नाही बोलावलं बे!" आणि रडायला लागला. मामा, तो दोन महिन्यांत पहिल्यांदा रडला.

माझा राग गेलेला नाही. तुम्ही दोन दिवस गप्प बसलात, मी दोन महिने, म्हणून माझा तुमच्यापेक्षा माझ्यावर जास्त आहे, पण तुमच्यावरही आहे. माफी मागायची असेल तर माझी मागू नका. संपतच्या समोर बसा, त्याच्या हाताकडे बघा, आणि त्याला सांगा. मीही शेजारी बसेन.

स्टेशनवर येतो. सोडा आणा, दोन किलो तरी, गोदाबाई वापरतात तोच. नरसाळं आणा, घड्याळ आणा, तुमच्या पथ्याचं काय ते आणा.

पण मामी सुटकेसशेजारी घरच्या पाण्याचा कॅन भरून ठेवेल, मला माहीत आहे. तुम्ही तो उचललाही असेल. जोधपूरच्या प्लॅटफॉर्मवरच ओतून टाका. इथे चार दिवस राहायचं तर इथलंच पाणी प्यायचं, आमच्यासारखं, आणि मग कंपनीला लिहायचं ते लिहायचं.

आमोद